नवा शॉकअप घेण्याआधी

डोंगरावरून खाली सायकल पळवण्याच्याही शर्यती असतात आणि त्या सायकलला मोटारसायकलसारखे पुढे-मागे शॉकअप असतात, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळ मंडळींना अजून खरे वाटत नाही. आमच्या वेळची सायकल म्हणजे २२ नाहीतर २४ इंची काळी सायकल. मागे कॅरिअरवर वैरणीचा भारा, दांडीवर धाकटे भावंड, आणि शॉकअप म्हणाल तर सीटखालच्या दोन स्प्रिंगा. चढ आला की उतरून ढकलायची आणि उतार आला की ब्रेक धरून देवाचे नाव घ्यायचे.

वाचक म्हणतील, खते, बियाणे आणि बोंडअळी यांवर बोलणारा कृषी खात्यातला माणूस आज सायकलवर कशाला लिहितो? त्याला कारण आहे. एक तर ही सायकल आता आमच्या घरात आहे. दुसरे असे, की तिच्या निमित्ताने जो विचार करावा लागला, तो गेली तीस वर्षे मी बांधावर उभा राहून शेतकऱ्यांना सांगत आलो तोच आहे.

माझा पुतण्या २६ वर्षांचा आहे. घरची चार एकर जमीन आणि पाच गाई तोच सांभाळतो. कामात कसूर नाही, व्यसन नाही. नाद एकच, डोंगरातली सायकल. आमचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, त्यामुळे उतारांना तोटा नाही. वर्षाकाठी दोन-तीन उताराच्या शर्यतींत तो भाग घेतो. सायकल जुनी घेतलेली, पण चांगल्या बांधणीची आहे. पुढच्या चिमट्याला, म्हणजे ही मुले ज्याला फोर्क म्हणतात त्याला, १२० मिलिमीटरची दबण्याची चाल आहे आणि मागच्या चाकालाही तेवढीच.

गेल्या वर्षी एका शर्यतीहून तो आला आणि दोन दिवस त्याच्या उजव्या हाताची करंगळी व शेजारचे बोट बधिर राहिले. वहिनींच्या ते लक्षात आले गोठ्यात. धार काढताना हात भरून येई आणि गाय पुरती पिळली जात नसे. दूध कासेत राहिले की दगडीला आमंत्रण, हे पशुपालकांना सांगायला नको. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती सायकल विकायला सांगा त्याला. हात गेला तर गोठा कोण बघणार?" पुतण्याचे म्हणणे निराळे. "काका, सायकल वाईट नाही. शॉकअप कमी पडतो. १६० मिलिमीटरचा फोर्क बसवला की दणका हातापर्यंत येणारच नाही." तशा चांगल्या फोर्कची किंमत विचारली, तर ती एका चांगल्या संकरित दुभत्या गाईच्या किमतीला जाऊन भिडली. उसाचे बिल नुकतेच जमा झाले होते. दादांनी दोघांचे ऐकून घेतले आणि मला म्हणाले, "तू शिकलेला आहेस. पैसे द्यायचे की सायकल विकायची, ते तू सांग."

मी बी.एस्सी. झालो तो शेतीत, सायकलीत नव्हे. पण पीक पिवळे पडले म्हणून कोणी युरियाची गोणी उघडायला निघाला, तर त्याला आधी मातीपरीक्षण करायला लावायचे, ही सवय हाडात मुरलेली आहे. म्हणून म्हटले, पैशांचे नंतर बघू, आधी आहे त्या शॉकअपची तपासणी करू.

त्याआधी शॉकअपचे काम काय ते नीट समजून घेतले पाहिजे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली गोष्ट स्प्रिंग. ती लोखंडी गुंडाळीची असते किंवा नळीत कोंडलेल्या हवेची. दगड आला की स्प्रिंग दबते आणि दणका साठवते. पण साठवलेला दणका ती स्वतःजवळ ठेवत नाही, लगेच परत फेकते. नुसत्या पाट्यांवर चालणारी रिकामी ट्रॉली खड्ड्यानंतर कशी उड्या मारत राहते, ते आपण रोज पाहतो. दुसरी गोष्ट तेलाची. नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि तो दणका उष्णतेत जिरून जातो. याला डँपर म्हणतात. पाठीवरच्या फवारणी पंपाचे उदाहरण घ्या. नोझलचे छिद्र बारीक असले की दांडा जड जातो आणि जितक्या जोराने मारावा तितका तो जास्त अडवतो. डँपरचे तसेच आहे. स्प्रिंग दणका झेलते, तेल तो जिरवते. झेलणारा चांगला आणि जिरवणारा कच्चा असेल, तर उतारावर सायकल माणसाला घोड्यासारखी उधळते.

या खेळाचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर १९७६ साली काही तरुणांनी उताराच्या शर्यती सुरू केल्या. चार्ली केली हा त्यांचा संयोजक. सुमारे ३ किलोमीटरच्या रस्त्यात जवळजवळ १,३०० फुटांचा उतार. सायकली जुन्या, मोडीत निघालेल्या, जाड टायरच्या. ब्रेक होता उलटे पायडल मारल्यावर लागणारा, मागच्या चाकाच्या हबमधला. एका फेरीत तो इतका तापे की आतले वंगण जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवे वंगण भरावे लागे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला रीपॅक म्हणतात, तेच त्या उताराचे नाव पडले. गॅरी फिशर या गड्याने तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत पार केला, आणि तोही शॉकअपशिवाय. गुडघे आणि कोपरे हाच त्यांचा शॉकअप.

सायकलच्या फोर्कला बऱ्यापैकी शॉकअप मिळाला तो १९८९ च्या सुमारास. मोटारसायकलींच्या कामात मुरलेल्या पॉल टर्नर याने रॉकशॉक्स नावाने फोर्क बाजारात आणला. त्याची चाल होती जेमतेम २ इंच. १९९० साली कोलोराडोतल्या दुरँगो गावी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा पुरुषांची उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने जिंकली ती असल्याच फोर्कवर. आज खास उताराच्या शर्यतीच्या सायकलला २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ८ इंच चाल असते. हा खेळ आता आपल्याकडेही आला आहे. केरळातल्या पोनमुडी डोंगरावर २०२३ साली आशियाई माउंटन बाईक स्पर्धा झाली. हे सांगण्याचे कारण एवढेच, की २ इंचांवर जगज्जेता होता आले, तर आमच्या पुतण्याच्या १२० मिलिमीटरना आधी नावे ठेवण्याचे कारण नव्हते.

एका रविवारी आम्ही दोघे ओट्यावर बसलो. पट्टी, वही, पेन्सिल आणि शॉकअपचा खास पंप एवढेच साहित्य. हा पंप वेगळा असतो. शॉकअपमध्ये हवा थोडी आणि दाब मोठा, त्यामुळे ट्यूबच्या पंपाने तिथे काम भागत नाही. पुतण्याला शर्यतीचा सगळा पोशाख, हेल्मेट, पाण्याची पिशवी घालायला लावली आणि भिंतीला टेकून पायडलवर उभे केले. फोर्कच्या नळीवर एक रबरी कडी असते. ती खाली सरकवायची, माणूस अलगद उभा राहिला की फोर्क थोडा दबतो आणि कडी वर सरकते. माणूस उतरला की पट्टीने मोजायचे. नुसत्या वजनाने होणाऱ्या या दबण्याला सॅग म्हणतात. साधारण बेत असा, की पुढे एकूण चालीच्या १५ ते २० टक्के आणि मागे २५ ते ३० टक्के दबावे. तेवढे दबलेले असले म्हणजे चाक खड्ड्यात खालीही जाऊ शकते आणि दगडावर वरही येऊ शकते.

१२० मिलिमीटरला २० टक्के म्हणजे २४ मिलिमीटर दबायला हवे होते. आमच्या पट्टीवर आले ८. हवा पाहिली तर ११० पौंड. "एवढी कशाला रे भरलीस?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "उताराला कडक ठेवायचा असतो असे सगळे म्हणतात." मग वरच्या माळावरचा खडकाळ उतार त्याला तसाच उतरून यायला सांगितले आणि परत आल्यावर कडी पाहिली. सगळ्यात मोठ्या दणक्यालाही ती ८५ मिलिमीटरच्या वर गेलेली नव्हती. म्हणजे १२० ची चाल विकत घेतलेली, त्यातली ३५ कधी वापरलीच नाही, आणि मागणी होती १६० ची! विहिरीत पाणी आहे, फूटव्हॉल्व्ह तेवढा वर लोंबतो आहे, आणि शेतकरी म्हणतो दुसरी विहीर खोदू, तसली ही गोष्ट.

हवा कमी करत ८० पौंडांवर आणली, तेव्हा सॅग २२ मिलिमीटर आला. मागच्या शॉकअपला मोजमाप जरा वेगळे. तिथे पहारीचा न्याय आहे. चाक १२० मिलिमीटर हलते तेव्हा शॉकअपचा दांडा फक्त ५० मिलिमीटर सरकतो. म्हणून टक्केवारी दांड्याच्या सरकण्यावर काढायची. ५० ला ३० टक्के म्हणजे १५ मिलिमीटर. ते जमवून घेतले.

मग परतीचा वेग. बहुतेक फोर्कना खाली लाल मूठ असते. ती फिरवली की दबलेला फोर्क किती वेगाने वर येणार ते ठरते. फार वेगाने आला तर हँडल हाताला उसळी देते. फार सावकाश आला तर एका दगडानंतर सावरण्याआधी दुसरा येतो, फोर्क दबलेलाच राहतो आणि चार दगडांनंतर तो लाकडासारखा होतो. दोन्हीकडून मार हातालाच. आम्ही मूठ एका टोकाला नेऊन ठेवली आणि दर फेरीला दोन-दोन खटके फिरवत गेलो. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा, हा नियम पाळला. दोन खतांच्या मात्रा एकदम बदलल्या तर पीक कशाने सुधारले ते कळत नाही, तसेच इथे.

टायर हाही शॉकअपच आहे, आणि सगळ्यात स्वस्त. त्याच्या टायरमध्ये ४० पौंड हवा होती. ट्यूब काढून टायरमध्ये पंक्चर बुजवणारे द्रव भरले की कमी हवेवर चालवता येते. ते करून पुढे २३ आणि मागे २६ पौंडांवर आणले. एवढे वजन माणसाचे आणि टायरच्या रुंदीचे बघूनच ठरवावे, दुसऱ्याचा आकडा उचलू नये. ब्रेकचे दांडे एका बोटाने ओढता येतील असे आत सरकवले, म्हणजे बाकीची बोटे मुठीवर मोकळी राहतात. शेवटी फोर्कच्या खालच्या नळ्या उघडून तेल बदलून घेतले. साधारण ५० तासांच्या चालीनंतर हे काम करावे असे कंपनीच्या पुस्तिकेतच सांगितलेले असते. आमच्या फोर्कचे तेल दोन वर्षे कोणी पाहिले नव्हते. ते निघाले चिखलाच्या रंगाचे. यात मोटारसायकलच्या फोर्कचे तेल अंदाजाने ओतू नये. सायकलला तेल थोडेच लागते, पण कोणते आणि किती हे पुस्तिकेप्रमाणेच हवे.

एवढ्या सगळ्याचा खर्च नव्या फोर्कच्या पासंगालाही पुरला नाही.

आता १६० च्या फोर्कचे काय? ते मी दादांना असे समजावले. फ्रेम म्हणजे एक ठरलेले गणित आहे. फोर्क २० मिलिमीटरने लांब केला की सायकलचे तोंड वर उचलले जाते आणि हँडलच्या नळीचा कोन साधारण १ अंशाने मागे कलतो. ४० ने लांब केला तर २ अंश. पायडलचा आस वर जातो, वळणावर सायकल डुलते. शिवाय लांब फोर्क म्हणजे लांब पहार. प्रत्येक दणक्याला ती फ्रेमच्या पुढच्या सांध्याला जास्त जोराने उचकटते. फ्रेमच्या पुस्तिकेत १३० मिलिमीटरपर्यंतचीच मुभा लिहिली होती. त्यापुढे गेले की कंपनीची हमी संपली, आणि उतारावर पुढचा सांधा तुटला तर माणूस कुठे जाऊन पडेल ते सांगायला नको. दोन मुकुटांचे, २०० मिलिमीटरचे खास उताराचे फोर्क तर अशा फ्रेमला लावूच नयेत.

खर्चही फोर्कवर थांबत नाही. चाक २६ चे, साडेसत्तावीसचे की २९ चे, आस १०० मिलिमीटरचा की ११० चा, हँडलची नळी सरळ की खाली जाड, हे सगळे जुळले पाहिजे. न जुळले तर नवे चाक, नवा हब. रोटाव्हेटर घेतला आणि मग कळले की ट्रॅक्टरची ताकद पुरत नाही, अशी उदाहरणे आपल्या तालुक्यात थोडी नाहीत.

याचा अर्थ सुधारणा करूच नये असा नाही. नीट जुळवल्यानंतर पुतण्याने चार-पाच रविवार तोच उतार मारला. आता कडी ११५ च्या वर जाऊ लागली, म्हणजे चाल पुरती वापरात आली. एका उंच दगडावरून उतरताना मात्र फोर्क तळाला टेकू लागला. त्यासाठी हवेच्या कप्प्यात प्लॅस्टिकची एक लहान चकती टाकली. आतली जागा कमी झाली की शेवटी शेवटी हवा जास्त घट्ट होते आणि सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. त्यानंतरही एक उणीव उरली. वेगात लागोपाठ दगड आले की दणका हातात येतच होता. हे काम स्प्रिंगचे नव्हते, तेलाचे होते. त्याच्या फोर्कचा डँपर साध्या प्रतीचा होता आणि त्याच नळ्यांत बसणारा वरच्या प्रतीचा डँपर त्या कंपनीकडेच मिळत होता. त्याला नव्या फोर्कच्या निम्म्याहूनही कमी पैसे पडले. तेवढे दादांनी दिले. उरलेल्यातून हनुवटीसकट तोंड झाकणारे हेल्मेट, गुडघ्याचे पट्टे आणि पुढच्या ब्रेकची मोठी तबकडी घेतली. वेग वाढवण्याआधी थांबण्याची सोय हवी, यावर वहिनींचे आणि माझे एकमत झाले.

नवा फोर्कच घ्यावा, अशीही वेळ असते. स्वस्त सायकलींना पुष्कळदा नुसती स्प्रिंग असते, तेल नसतेच. तिथे जुळवायला काही नाही. नळ्या ओरखडल्या असतील, कितीही सील बदलले तरी तेल गळत असेल, किंवा बारीक नळ्यांचा फोर्क वळणावर पिळला जात असेल, तर त्यावर पैसे घालू नयेत. अशा वेळी फ्रेमला जेवढी मुभा आहे तेवढ्याच चालीचा, पण जाड नळ्यांचा आणि चांगल्या डँपरचा फोर्क घ्यावा. लांबीपेक्षा प्रत बघावी. आणि वर्षात दोनच शर्यती असतील, तर उरलेले पन्नास आठवडे ती सायकल चढावर आणि वाटेवर कशी चालते, हेही मोजावे. पाहुण्यांच्या दोन दिवसांसाठी घर बांधत नाहीत, रोजच्या राहणीसाठी बांधतात.

पुढच्या शर्यतीत पुतण्याचा नंबर काही पहिला आला नाही. मधल्या मंडळींत होता. पण रविवारी शर्यत झाली आणि सोमवारी पहाटे पाचही गाईंची धार त्यानेच काढली, शेवटच्या थेंबापर्यंत. बोटांची बधिरता पुन्हा आली नाही. तरीही त्याला एक बजावून ठेवले आहे, की मुंग्या पुन्हा आल्या आणि विश्रांतीने गेल्या नाहीत, तर पंप घेऊन बसायचे नाही, डॉक्टरकडे जायचे. मनगटातली नस ही काही बाजारात मिळणारी वस्तू नव्हे.

वाचकहो, तुमच्या घरी अशी सायकल नसेलही, पण ट्रॅक्टर असेल. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या बैठकीखाली चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे फिरवायची मूठ असते. ती शोरूममधून जशी आली तशीच वर्षानुवर्षे राहते. साठ किलोचा मुलगा आणि नव्वद किलोचे वडील एकाच मापावर दिवसभर नांगरट करतात आणि संध्याकाळी दोघेही कंबर धरून बसतात. नवी गादी, नवा ट्रॅक्टर यांच्या गोष्टी निघण्याआधी ती मूठ एकदा फिरवून बघा. सांध्यांना वंगण आहे का बघा, टायरमध्ये हवा किती आहे ते मोजा. पैसा खर्च करायला पुढे पुष्कळ दिवस आहेत. मोजायला एक रविवार पुरतो.